नाशिकरोड, तीन मिनिटं आणि सात नग (अनुभव धागा)

मागच्या आठवड्यात लेकीला नागपूरला होस्टेलवर सोडून आले. सामान असं: दोन मोठ्या ट्रॉली बॅगा, गादीची वळकटी, पुस्तकांचं खोकं, बादली (बादलीत मग, हँगर आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी), तिची सॅक आणि माझी पिशवी. सात नग. घरातून निघताना मोजले, रिक्षात मोजले, जिना उतरून फलाटावर मोजले. मोजण्यात काहीच चुकलं नाही.

मी माहेरची सोलापूरची. तिथून सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघायचं तर गाडी आधीच फलाटाला लागलेली असते. निवांत चढायचं, बाकाखाली सामान लावायचं, मग खाली उतरून पोचवायला आलेल्यांशी गप्पा मारायच्या. नाशिकला येऊन बावीस वर्षं झाली, पण रात्रीच्या गाडीत एवढं सामान घेऊन पहिल्यांदाच चढले. इथे गाडी लागत नाही, इथे गाडी येते. जेमतेम दोन-तीन मिनिटं थांबते आणि जाते. आणि आत मुंबई-ठाणे-कल्याणची मंडळी केव्हाची स्थिरस्थावर झालेली, डबे उघडून जेवून बसलेली. आपलं रिझर्व्हेशन बाकाचं असतं, बाकाखालच्या जागेचं नसतं, हे मला त्या रात्री कळलं. खालचे दोन्ही बर्थ आमचे, आणि खाली दुसऱ्यांच्या पाच बॅगा आमच्याआधी झोपलेल्या.

शेवटी वळकटी लेकीच्या पायाशी, खोकं माझ्या उशाशी आणि बादली रात्रभर कुशीत. समोरचे काका दोनदा म्हणाले, "ताई, बादली तेवढी खाली ठेवा, कोणी नेत नाही." मी ठेवली नाही. चटणी होती ना त्यात.

तर नाशिककर, खाली आपापल्या भागाच्या नावाने लिहा. काय सामान होतं, कुठे कोंबलंत, काय हरवलं, कोणाशी वाजलं. नियम माहीत असतील तर तेही चालतील, पण अनुभव आधी.

देवळाली कॅम्प

आमचे वडील तोफखान्यात होते. आमचं सामान म्हणजे काळ्या पत्र्याच्या पेट्या. झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा, नाव. बदली झाली की घरात आधी रंगाच्या डबीचा वास यायचा, मग आई रडायची.

वडील पेटी घेताना दुकानात टेप काढायचे. बाकाखाली सरकेल तीच पेटी, बाकीच्यांकडे बघायचंही नाही. आईच्या माहेरची एक पेटी मात्र दोन बोटं उंच होती. ती जन्मात कधी बाकाखाली गेली नाही आणि तीच सगळ्यात कामाला आली. समोरासमोरच्या दोन खालच्या बर्थच्या मधे ती बसवायची, वर होल्डॉल (प्रवासी वळकटी) पसरायचा, की सलग पलंग तयार. आम्ही तिघं भावंडं त्यावर आडवी. रात्री कुणाला उठायचं झालं तर पेटीवरून ढांग टाकून जायचं. एकदा वडीलच अंधारात तिच्यावर अडखळले आणि जी शिवी हासडली, ती आम्हा तिघांना आजही शब्दन् शब्द पाठ आहे.

एक सांगतो. पेटी असो की बॅग, कडी किंवा हँडल असलेली बाजू बाहेर ठेवा. आमची एक पेटी उलटी गेली होती. उतरायच्या वेळी ओढायला हाताला काही लागेना. वडील पोटावर झोपून बाकाखाली शिरले, तोवर गाडीने शिट्टी दिली. उतरलो सगळे, पेटीसकट, पण आईची एक चप्पल पुढे गेली.

ती उंच पेटी आता माझ्या गच्चीवर आहे. वर कुंड्या ठेवल्यात.

पार्सलवाले आजोबा

अनुभव आधी, असं तुम्ही म्हणालात, पण माझी सगळी नोकरी सामानाच्या काट्यासमोर गेली, त्यामुळे नियम हाच माझा अनुभव.

स्लीपरला माणशी ४० किलो माफ. थ्री टायर एसीला ४०, टू टायरला ५०, फर्स्ट एसीला ७०, सेकंड क्लासला ३५. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला निम्मं. त्यावर थोडं इकडेतिकडे झालं तर सवलत आहे, पण ती हक्क म्हणून मागू नये. त्याहून जास्त न्यायचं तर आधी सांगून दीडपट दराने पैसे भरायचे. न सांगता नेलं आणि वाटेत काट्यावर चढलं तर सहापट.

आता गंमत ऐका. पैसे भरून स्लीपरमध्ये एकूण ८० किलोपर्यंत सोबत नेता येतं. थ्री टायर एसीत मात्र ४० म्हणजे ४०, पैसे भरूनही वाढत नाही. जास्त तिकीट म्हणजे जास्त सामान, असा हिशेब मांडून लोक यायचे आणि माझ्याशी हुज्जत घालायचे. मापाचंही तसंच. एरवी पेटी किंवा सुटकेस १०० × ६० × २५ सेंटिमीटरपर्यंत चालते, थ्री टायर एसीला ५५ × ४५ × २२.५. हल्लीच्या मोठ्या ट्रॉली बॅगेला घरीच पट्टी लावून बघा.

लगेज वेगळं आणि पार्सल वेगळं. तिकीट दाखवून बुक केलं ते लगेज, ते तुमच्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गार्डच्या सामानाच्या डब्यातून जातं. त्यासाठी निदान अर्धा तास आधी या, आणि बांधून या. सुतळी मागायला खिडकीशी येऊ नका. पावती पाकिटात ठेवा. पोचल्यावर ती दाखवल्याशिवाय सामान हातात पडत नाही.

सिलिंडर, फटाके, ॲसिड नेऊच नये. रिकामा सिलिंडरसुद्धा नाही. "रिकामाच आहे हो" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, त्याची गणती नाही.

आणि ताई, तुमची दोन तिकिटं म्हणजे ८० किलो माफ. तुम्ही नियमात होतात. बादलीसकट.

भांडी बाजार

पुतणीचं लग्न अकोल्याला. नाशिकहून जायचं तर तांब्या-पितळेचं नको का? वहिनींनी घंगाळ घ्यायला लावलं. पितळी, दोन कड्यांचं, आपल्या भांडी बाजारातलं. दुकानदार म्हणाला, गोणपाटात शिवून देतो. मी म्हटलं कशाला उगाच, हातातून नेतो. तिथे चुकलं.

बाकाखाली जाईना, वरच्या बर्थवर मावेना, दारापाशी ठेवायचं धाडस होईना. शेवटी ते साइड लोअरवर बसलं आणि मी त्याच्याजवळ. पहिल्या अर्ध्या तासात सगळ्या डब्याला कळलं की लग्नघर आहे. कोणाकडे, किती तारखेला, हुंडा नाही ना घेतला, सगळी चौकशी. मग एका मावशींनी घंगाळात आपल्या नातवाला बसवलं. तो त्यातच झोपला. दहा वाजले, मधले बर्थ उघडले, दिवे गेले, तरी पोरगं घंगाळात. त्याला उठवायचं कसं? मी मनमाडपर्यंत उभा.

त्यातून गाडी सांधा बदलताना कडी खण्णकन वाजायची, की कोणीतरी "ओ घंगाळवाले!" म्हणून ओरडायचं. शेवटी दोन्ही कड्यांना माझे पायमोजे गुंडाळले. पुढच्या वेळी गोणपाट.

सिडको

माझा धडा महागातला आहे. काळी ट्रॉली बॅग. आमच्या बाकाखाली जागा नव्हती म्हणून दोन कप्पे सोडून पलीकडे सरकवली. साखळी घरी होती, पण घातली नाही. पहाटे जळगावला उतरलो, घरी जाऊन बॅग उघडली तर आत शाळेचे गणवेश आणि कुणाचातरी इस्त्रीचा डबल-बेड चादरींचा गठ्ठा. माझी बॅग पुढे गेलेली. हुबेहूब तशीच बॅग त्याच बाकाखाली होती आणि झोपेत मी तीच ओढून आणली. म्हणजे चोर मीच.

१३९ ला, म्हणजे रेल्वेच्या मदत क्रमांकाला फोन लावला, तिकिटावरचा पीएनआर नंबर सांगितला. तिकडून त्या गणवेशवाल्या कुटुंबानेही तक्रार केली होती. पुढच्या एका स्टेशनवर रेल्वे पोलिसांकडे बॅगांची अदलाबदल झाली. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. त्यांची बायको बोलली. मुकाट्याने ऐकून घेतलं.

तेव्हापासून माझ्या बॅगेच्या हँडलला पिवळ्या परकराची पट्टी बांधलेली असते. कशी दिसते याची पर्वा नाही. बाकाखाली साखळी अडकवायला कडी असते, तिचा उपयोग करा. आणि बॅग नजरेआड ठेवायची वेळ आलीच तर त्या कप्प्यातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा.

पिंपळगाव बसवंत

भावाकडे वाराणसीला द्राक्षं नेली. चार पेट्या. एवढंच सांगतो, द्राक्षं बाकाखाली ठेवू नका. वरून कोणाची पेटी घसरते, बाजूला कोणी चप्पल सरकवतं, आणि वास लागला की मुंग्या कुठून येतात देव जाणे. वरचा बर्थ माझा होता, तिथे पेट्या झोपल्या, मी बसलो. इटारसीपर्यंत एक पेटी डब्यातच वाटून झाली. उरलेल्या तीन सुखरूप पोचल्या.

अंबड

कंपनीतली पोरं छठला गावी निघतात तेव्हा मी दरवर्षी त्यांना पोचवायला स्टेशनवर जातो. सुपरवायझर आहे, म्हणून नाही, त्यांना नाशिकरोडवर मराठी बोलणारं कोणी लागतं म्हणून. एका वर्षी मलाच जावं लागलं, एकाच्या घरी अचानक दुःखद प्रसंग घडला होता, त्याला एकट्याला सोडवेना.

त्या गाडीत सामान ठेवायला जागा शोधायची नसते, सामानावर माणसाला जागा शोधायची असते. पोती, टेबल फॅन, मिक्सरचं खोकं, पत्र्याची पेटी. वाटेत दोन बर्थमधली फरशी दिसतच नव्हती. एका म्हाताऱ्याने आपलं तांदळाचं पोतं माझ्याकडे सरकवलं आणि खुणेने सांगितलं, डोकं टेका. पोतं कडक असतं असं वाटेल, पण तांदूळ डोक्याच्या आकाराने बसतो. मी रात्री इतका गाढ कधी झोपलो नव्हतो. तोंडाला पोत्याची नक्षी उठली होती.

गंगापूर रोड

हमालाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. लाल सदरा आणि दंडावर बिल्ला बघूनच ठरवा, आणि दर डोक्यावर सामान चढायच्या आधी ठरवा. आपण बोर्डाकडे बघत बसतो, त्याला मात्र आपला डबा कुठे येतो ते अंगवळणी पडलेलं असतं. आईला काशीयात्रेला सोडलं तेव्हा तो गाडी पूर्ण थांबायच्या आत आम्हाला बरोबर दारासमोर घेऊन उभा होता. परतताना आईकडे गंगेचे अकरा सीलबंद गडू होते आणि ती ते कोणालाही हात लावू देईना. तिथे हमालही हरला.

सातपूर

सगळं वाचलं. उद्या रात्री निघतोय, बहिणीकडे नागपूरला. सोबत आईचं शिलाई मशीन, पायडलसकट. तिला दुसरं नको, हेच हवंय. स्लीपर, एक तिकीट. काय करू?

पार्सलवाले आजोबा

डोकं आणि लोखंडी सांगाडा वेगळे करा. डोकं लाकडी पेटीत घालून सोबत ठेवा. सांगाडा गोणपाटात शिवून ब्रेकव्हॅनला. तिकिटाची झेरॉक्स आणा. अर्धा तास आधी.

सातपूर

आणि पट्टा?

पार्सलवाले आजोबा

पट्टा खिशात ठेवा.