जर्मनीत प्रायव्हेट हेल्थ इन्शुरन्स: आज स्वस्त, पण परत फिरायचं झालं तर?

इंदिरानगरकर
नाशिकच्या अंबड एमआयडीसीतली बारा वर्षांची नोकरी सोडून मे महिन्यात श्टुटगार्टला चाललोय. वय 36, बायको आणि सहा वर्षांची मुलगी बरोबर येणार. पगार वर्षाला 79,000 युरो. 2026 साठी मर्यादा 77,400 आहे. तिच्यावर पगार असला की पब्लिक की प्रायव्हेट हे आपण ठरवायचं, खाली असला तर नोकरदाराला पब्लिकच.

एजंटने व्हिडिओ कॉलवर गणित मांडलं. प्रायव्हेट 640 युरो, निम्मे कंपनी देणार, म्हणजे मला 320. पब्लिकमध्ये माझ्या पगाराला माझा वाटा साधारण 509. (काळजी-विमा, म्हणजे परावलंबी झाल्यावर लागणाऱ्या देखभालीचा विमा, दोन्हीकडे वेगळा.) "सर, महिन्याला 189 वाचतात!" मीही क्षणभर हुरळलो. मग विचारलं, बायको आणि मुलगी? तर म्हणे, "त्यांची वेगळी पॉलिसी." बायकोचे 560, मुलीचे 180. तिघांचे मिळून 1,380. कंपनी देणार जास्तीत जास्त 509, उरलेले 871 माझ्या खिशातून. पब्लिकमध्ये त्याच 509 मध्ये न कमावणारी बायको आणि मुलगी दोघी येतात.

माझं मत ठाम आहे: कुटुंब घेऊन जाणाऱ्याने प्रायव्हेटच्या वाटेला जाऊ नये. काल कॉलेज रोडला यावरून दोन मित्रांशी कडाक्याचं भांडण झालं, कॉफी गार झाली. म्हणून इथे टाकतोय. वाद घाला, पण आकडे घेऊन या.

म्युनिकचा_पंचवटीकर
भाऊ, तुझं गणित तुझ्यापुरतं बरोबर. सगळ्यांना का लावतोस? मी 29, सडाफटिंग. गेल्या एप्रिलपासून प्रायव्हेटला आहे. फुटबॉल खेळताना गुडघा मुरगळला, चौथ्या दिवशी एमआरआय. माझ्या रूममेटच्या हातावर चट्टे उठलेत, तो पब्लिकवाला. त्वचेच्या डॉक्टरची तारीख मिळालीय तीन महिन्यांनंतरची. फोनवर पहिला प्रश्नच असतो, पब्लिक की प्रायव्हेट.

आणि म्हातारपणी हप्ता वाढतो वगैरे ऐकवू नका. मी तीन वर्षांत गंगापूर रोडला परत.

इंदिरानगरकर
तीन वर्षांत परत! माझा मावसभाऊ हेच सांगून गेला होता. त्याची मुलगी आता तिकडे दहावीला आहे.

द्राक्षबाग
आम्ही 2009 ला गेलो. ह्यांना तेव्हा असंच कोणीतरी पटवलं. तरुण आहात, तब्येत ठणठणीत, घ्या प्रायव्हेट. मी नोकरीला लागले तेव्हापासून पब्लिकमध्ये, त्यामुळे घरात दोन्ही संसार बघितलेत.

प्रायव्हेटचं बिल पोस्टाने घरी येतं. आधी आपण भरायचं, मग विमा कंपनीकडे मागायचं. आमच्याकडे फ्रिजवर बिस्किटांचा एक निळा डबा आहे, त्यात सगळी बिलं. दर रविवारी हे चष्मा लावून बसतात, फोटो काढून पाठवतात. कधी पूर्ण पैसे येतात, कधी "डॉक्टरने जास्त आकारले" म्हणून चाळीस-पन्नास युरो कापून. मग डॉक्टरला पत्र, कंपनीला पत्र, तेही जर्मनमध्ये. मी दवाखान्यात कार्ड लावते आणि घरी येते.

ह्यांचा हप्ता तेव्हाच्या दुपटीच्या वर गेलाय. वय 52. पंचावन्न ओलांडली की पब्लिकचं दार जवळपास बंदच होतं. आणि त्याआधी यायचं तर पगार मर्यादेच्या खाली आणावा लागतो, म्हणजे अर्धवेळ काम किंवा कमी पगाराची नोकरी. सध्या घरात हाच विषय. जेवताना तरी नको, असं ठरवलंय.

म्युनिकचा_पंचवटीकर
ताई, दुपटीचं ऐकून वाईट वाटलं, पण पब्लिकचं काय कमी वाढतंय? पगाराच्या 14.6 टक्के मूळ, वर प्रत्येक कासेचा (पब्लिक विमा चालवणाऱ्या संस्थेचा) जादा टक्का. त्याची सरासरी 2025 ला 2.5 धरली होती, यंदा 2.9. शिवाय ज्या पगारापर्यंत टक्के लावतात ती मर्यादाही दर वर्षी वर सरकते. प्रायव्हेटवाले निदान साठीपर्यंत हप्त्यावर 10 टक्के जादा घेऊन म्हातारपणासाठी बाजूला तरी ठेवतात. पब्लिकमध्ये आजचे तरुण आजच्या म्हाताऱ्यांचं भरतात. बिस्मार्कने 1883 ला कायदा केला तेव्हा ते ठीक होतं. आता म्हातारे किती आणि तरुण किती, बघा जरा.

द्राक्षबाग
वाढतं, मान्य. पण पब्लिकचा हप्ता पगाराला बांधलेला आहे. उद्या नोकरी गेली, पगार कमी झाला, की तोही खाली येतो. प्रायव्हेटला तुमचा पगार किती याच्याशी देणंघेणं नाही.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
मी पण निघालोय, नोव्हेंबरात. मला तीन वर्षांपासून शुगर आहे, गोळीवर कंट्रोलमध्ये. एजंट म्हणाला फॉर्मवर लिहूच नका, नाशिकच्या डॉक्टरची चिठ्ठी तिकडे कोण वाचतंय. कोणी असं केलंय का?

गोळ्या_मोजणारा
मेडिकल दुकानात उभा असतो, म्हणून हे लिहितो. नाशिकच्या डॉक्टरची चिठ्ठी तर इथेच आम्हाला वाचता येत नाही, ते सोडा. पण गोळी तिकडेही लागणारच ना? मेटफॉर्मिन तिकडे चिठ्ठीशिवाय मिळत नाही. डॉक्टर पहिलं विचारणार, कधीपासून घेताय? तुम्ही सवयीने सांगणार, तीन वर्षं झाली. ते कागदावर गेलं. पुढे मोठं बिल आलं की कंपनी तोच कागद काढते आणि लपवलं म्हणून पॉलिसी मोडू शकते. तेव्हा एजंट फोन उचलणार नाही.

खरं लिहिलंत तर जादा हप्ता लावतील किंवा नकोच म्हणतील. पब्लिकमध्ये तब्येतीचा फॉर्मच नसतो. शुगरवाल्याने यात डोकं घालायचं कारणच नाही.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
बरं झालं विचारलं. पगारही 68,000 च आहे म्हणा.

गोळ्या_मोजणारा
अहो मग तुम्हाला प्रायव्हेट मिळतच नाही! एजंटने हे सांगितलं नाही?

सातपूर_सेकंड_शिफ्ट
नाही. पासपोर्टची झेरॉक्स मात्र घेतली.

सिडकोची_सून
जरा वेगळं. सगळे स्वतःचं बोलताय, मागे राहणाऱ्या आईवडिलांचं काय? दोन्ही प्रकारांत ते आपल्या विम्यात बसत नाहीत. भेटीला न्यायचे तर व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतो, आणि त्यात जुनी दुखणी बहुधा धरत नाहीत. त्यांची इथली मेडिक्लेम अजिबात बंद पडू देऊ नका. नवी घेतली तर जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. 2025 च्या सप्टेंबरपासून हप्त्यावरचा जीएसटीही गेलाय. स्वतःची चालू ठेवायची का, यावर आमच्याकडे एकमत नाही. सासरे म्हणतात ठेवा, नवरा म्हणतो दोन घरांचं भाडं कशाला.

इंदिरानगरकर
मी आईबाबांची ठेवणार. माझ्या स्वतःचीही, निदान दोन वर्षं.

कासेत_काम_केलेली
धाग्यात एक गोष्ट कोणीच बोललं नाही. मर्यादा दर वर्षी बदलते. 2025 ला 73,800 होती, यंदा 77,400. मूळ लेखकाचा पगार 79,000, म्हणजे फक्त सोळाशेने वर. पुढच्या वर्षी मर्यादा तेवढीच सरकली आणि पगार तसाच राहिला, तर तुम्ही आपोआप पब्लिकमध्ये येता. प्रायव्हेटच ठेवायचं असेल तर तीन महिन्यांच्या आत सूट मागायचा अर्ज करावा लागतो. आणि एकदा सूट घेतली की "आता नको, पब्लिकला घ्या" म्हणून ती परत करता येत नाही. तेव्हा 1 जानेवारीला ज्यांचा पगार मर्यादेखाली गेला, त्यांच्याकडे 31 मार्चपर्यंत वेळ आहे.

इंदिरानगरकर
हे एजंटने सांगितलं असतं तर मी त्याला मिसळ खिलवली असती.

म्युनिकचा_पंचवटीकर
एक मिनिट. माझा पगार 76,500 आहे. जानेवारीत एचआरचा विम्याबद्दल एक लांबलचक जर्मन मेल आला होता, तो मी उघडलाच नाही. ताई, तो अर्ज कुठल्या कासेकडे द्यायचा?