नवीन पोरं संघटनेत पुढं का येत नाहीत? तुमच्याकडं काय करता?

यार्डाजवळचा

नमस्कार मंडळी. सांगलीत आमची करसल्लागारांची संघटना आहे, छोटीच पण जुनी, नाव घेत नाही कारण इथं निम्मे आपलेच बसलेत. गेल्या रविवारी वार्षिक सभा झाली. पदाधिकारी निवडीचा विषय आला आणि जो तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसला, जसं काय त्याच मिनिटाला ओटीपी येणार होता. शेवटी तोच खजिनदार सलग चौथ्या वर्षी, आणि मी माजी अध्यक्ष असून परत सल्लागार म्हणून आत. सगळं बिनविरोध. बिनविरोध म्हणजे काय तर विरोध करायलासुद्धा कुणाला वेळ नाही.

बरं, पोरं हुशार आहेत ओ. पोर्टल अडकलं की आम्ही त्यांनाच फोन लावतो. २०२३ ला एकाला सहसचिव केलं, चटपटीत पोरगा, वाटलं हा पुढं संघटना चालवणार, तर चार महिन्यांत "सर ऑफिसचं काम वाढलंय" म्हणून राजीनामा, तोही मेसेजवर. तेव्हापासून कुणाला विचारायचं म्हटलं तरी जीभ रेटत नाही. तुमची संघटना डॉक्टरांची असो, इंजिनिअरची असो, माणसं तयार कशी करता? का सगळीकडं हेच घोंगडं?

जुना_खजिनदार

सगळीकडं हेच. पण आधी मला सांगा, तुमची निवड ऑगस्टमध्ये होते का? आमची व्हायची. म्हणजे नवीन सचिवानं हार गळ्यातनं काढला की समोर ३० सप्टेंबरच्या मुदतीचं टॅक्स ऑडिट, म्हणजे पक्षकारांच्या हिशेबांची तपासणी, ते संपतंय तोवर ३१ ऑक्टोबरची ऑडिटवाल्यांची इन्कम टॅक्स रिटर्न, मध्ये दर महिन्याला ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी ही जीएसटीची रिटर्न आहेतच, मग दिवाळी, मग ३१ डिसेंबरचं जीएसटीचं वार्षिक रिटर्न. जानेवारीत माणूस डोकं वर काढतो तर सगळे विचारतात तुम्ही पाच महिने केलं काय. तरुण माणसाकडं हाताखाली स्टाफ नसतो, तो स्वतःच टायपिस्ट, स्वतःच शिपाई. आमच्यासारख्यांची ऑफिसं पोरांवर चालतात म्हणून आम्हाला सभेला वेळ असतो, हे आपण सोयीनं विसरतो.

आम्ही घटना बदलायच्या फंदात पडलो नाही, फक्त पुढच्या वर्षीचा सचिव आदल्या जानेवारीतच ठरवून ठेवायला लागलो. जानेवारी ते मार्चमध्यापर्यंत तो नुसता बरोबर फिरतो, हॉल कुणाला सांगायचा, बँकेत कोण भेटतं, वक्त्याला आणायला कोण जातं. रोटरीत तेच करतात, पुढचा अध्यक्ष आधीच ठरलेला असतो आणि १ जुलैला वर्ष सुरू होतं तेव्हा त्याला सगळं तोंडपाठ असतं. चांगलं आहे ते उचलावं, त्यात काय.

आणि तो पोरगा का गेला हे त्याला विचारलंत का? "काम वाढलंय" हे कारण नसतं, ते दार लावून घ्यायचं वाक्य असतं.

विश्रामबागवाली

मी आर्किटेक्ट आहे, आमच्याकडची गंमत सांगते. मी पहिल्या वर्षी कार्यकारिणीत गेले तेव्हा मला दोन कामं मिळाली, सूत्रसंचालन आणि पाहुण्यांना ओवाळणं. दुसऱ्या वर्षी बढती झाली, सूत्रसंचालन, ओवाळणं आणि बुके आणणं. शिवाय मीटिंग रात्री साडेआठला हॉटेलात, विषय दहाला सुरू, जेवण अकराला, घरी मुलगी झोपलेली. मग म्हणायचं लेडीज मेंबर येत नाहीत.

बदल कधी झाला तर एका सरांनी मला इमारत नियमावलीवरच्या सत्राचं पूर्ण काम दिलं. डिसेंबर २०२० ला मुंबईसारखे काही भाग सोडले तर राज्यात सगळीकडं बांधकामाची एकच नियमावली आली ना, यूडीसीपीआर, तेव्हा सगळेच गोंधळलेले, रोज कुणीतरी विचारायचं आता साईड मार्जिन, म्हणजे इमारतीच्या बाजूला सोडायची जागा, काय धरायचं. सर म्हणाले वक्ता तू ठरव, वेळ तू ठरव, एवढे एवढे पैसे तुझ्याकडं, हिशेब नंतर दे. मी सकाळी साडेआठ ते दहा ठेवलं, चहा-पोहे. ज्येष्ठांनी नाकं मुरडली की सकाळी कोण येणार. ज्या बायका सहा वर्षांत एकदा आल्या नव्हत्या त्या आल्या ओ. त्यातली एक आज आमची सचिव आहे.

पद द्यायच्या आधी एक काम द्या, ज्याला सुरुवात आहे आणि शेवट आहे. "सहसचिव" म्हणजे नक्की काय करायचं हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

स्पष्ट_बोलतो_राग_मानू_नये

तुम्ही सगळे फार गोड बोलताय. आजच्या पोरांना स्टेजवर फोटो पाहिजे आणि सतरंजी उचलायला नको. आम्ही भावे नाट्यमंदिराच्या बाहेर खुर्च्या मोजल्यात रात्री बारापर्यंत, तेव्हा कुठं पाच वर्षांनी खजिनदार झालो. कुणी विचारलं नाही आम्हाला तुमची सोय काय.

आणि नुसतं पद दिलं म्हणजे होत नाही. आमच्याकडं एक उत्साही सचिव आला, कार्यक्रमांचा धडाका, फेसबुक पेज, सगळं. कार्यकारिणी बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात चेंज रिपोर्ट, म्हणजे नव्या पदाधिकाऱ्यांची नोंद, द्यायचा असतो हे त्याच्या गावीच नाही. पुढच्या कमिटीला बँक सही बदलून देईना, कागदावर जुनीच माणसं. सव्वा वर्ष संघटनेचा एक रुपया हलला नाही, भडंगाचे पैसेसुद्धा खिशातनं.

विश्रामबागवाली

काका, राग नाही मानत, पण चेंज रिपोर्टचं त्याला सांगायचं कुणी? तुम्हाला माहीत होतं ना. मग सव्वा वर्ष तुम्ही काय केलंत?

स्पष्ट_बोलतो_राग_मानू_नये

विचारलं नाही त्यानं.

(बरं. आपणहून सांगायला पाहिजे होतं. मान्य.)

कृष्णाकाठी

मी २०१९ चं सांगतो. ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. गावभागातली, मारुती चौकातली ऑफिसं बुडाली, कुणाच्या फायली, कुणाचे सर्व्हर, पक्षकारांची मूळ कागदपत्रं. तेव्हा इन्कम टॅक्स रिटर्नची मुदत ३१ जुलैवरनं ३१ ऑगस्ट झालेली, म्हणजे बरोबर कामाच्या भरात पूर. आमच्या संघटनेची मीटिंग वगैरे काही झाली नाही, पदाधिकारी स्वतःच पाण्यात. पण चार-पाच तिशीच्या आतल्या पोरांनी आपापसात यादी केली, कुणाचं ऑफिस गेलं, कुणाकडं जास्तीचा लॅपटॉप आहे, मिरजेत आणि कुपवाडात कुणाकडं बसायला जागा आहे. एका पोरीनं तर तिच्या विश्रामबागच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये सहा टेबलं मांडली, स्पर्धक असलेली माणसं शेजारी शेजारी बसून रिटर्न भरत होती. ओली कागदं दोरीवर वाळत घातलेली.

त्यांना कुणी पद दिलं नव्हतं. आणि नंतर आम्ही काय केलं? सत्कार. शाल, श्रीफळ, ज्येष्ठांची चार भाषणं, विषय संपला. त्यातल्या एकालाही पुढच्या कार्यकारिणीत घेतलं नाही कारण नावं आधीच ठरलेली होती. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा मी त्या पोरीला फोन केला, ती म्हणाली दादा या वेळी मी माझं माझं बघते.

म्हणून मला "पोरं पुढं येत नाहीत" ऐकलं की कससंच होतं.

यार्डाजवळचा

सगळ्यांचे आभार. दोन दिवस लिहिलं नाही कारण जुना_खजिनदार यांनी टोचलं होतं म्हणून त्या पोराला भेटायला गेलो. आधी तो बोलेना, "काही नाही सर, खरंच काम होतं." चहा झाला, मग निघाला विषय.

१ ऑगस्ट २०२३ पासनं पाच कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना ई-इन्व्हॉइस लागू झालं, म्हणजे धंद्यातलं बिल सरकारी पोर्टलवर नोंदवायचं, आणि आपल्या मार्केट यार्डातले कितीतरी हळदीचे व्यापारी एकदम त्यात आले. त्यानं जुलैत त्याच्यावर सत्र ठरवलं होतं, कोल्हापूरचा एक तरुण वक्ता, लॅपटॉपवर प्रत्यक्ष बिल काढून दाखवणार. हॉल सांगितलेला, मेसेज गेलेला. आणि तीन दिवस आधी ते रद्द होऊन त्या जागी एका ज्येष्ठांचं जनरल भाषण लागलं, कारण त्यांना बरेच दिवस बोलावलं नव्हतं आणि ते रुसले होते. पोराला हे ग्रुपवरच्या पोस्टरवरनं कळलं. कोल्हापूरच्या माणसाला तोंड कसं दाखवायचं म्हणून त्यानं त्याला स्वतःच्या खिशातनं जाण्या-येण्याचं भाडं दिलं, तो आलाच नव्हता तरी.

ते बदलायचा फोन मी केला होता. मला आठवतसुद्धा नव्हतं.

त्याला परत सहसचिव हो म्हणालो नाही. विश्रामबागवाली ताईंनी सांगितलं तसं एकच काम विचारलं, नोव्हेंबरात एक सत्र, विषय तुझा, वक्ता तुझा, पैसे आधी तुझ्या हातात, आणि कुणी माजी अध्यक्षानं फोन केला तर उचलायचा नाही. हसला. हो म्हणाला नाही अजून, ऑडिट संपल्यावर सांगतो म्हणाला.

आणि स्पष्टवक्ते काका, आमचा चेंज रिपोर्ट कधी गेलाय ते आज फाईल काढून बघितलं. तुमचा नंबर मेसेजमध्ये टाका, बोलायचंय.