रविवार मोकळा ठेवायचा का? सोसायटीच्या वजन ग्रुपवरची चर्चा

ए-२०४ ताई (ॲडमिन), रात्री ८:४०
नमस्कार मंडळी. पोळा झाला, गणपती तोंडावर आलेत, त्याआधी एक गोष्ट ठरवून टाकू. पाडव्याला ग्रुप सुरू केला तेव्हा नियम साधे होते: रोज पाऊण तास चालायचं, रात्री आठच्या आत जेवायचं, गोड बंद आणि सोमवारी सकाळी क्लब हाऊसमध्ये वजन. 'गोड बंद' फार दिवस कुणालाच जमेना, मग रविवार मोकळा ठेवू असं कुणीतरी म्हणालं आणि तेच चालू राहिलं. हा रविवारचा चीट डे ठेवायचा की बंद करायचा? मत काहीही असो, मोकळेपणाने लिहा. पण कुणाच्या वजनावरून कुणाला बोलायचं नाही, हे आधीच सांगते.

सी-५०३ दादा
माझं मत, ठेवायचा. आठवडाभर मी अंडी, डाळ, भाकरी, पनीर एवढंच खातो आणि संध्याकाळी जिम. समोर रविवार दिसत असतो म्हणून शनिवारपर्यंत निभतं. तो काढलात तर मी बुधवारीच वडापावच्या गाडीवर असेन. आणि माझं वजन उतरतंय, दर सोमवारी सगळे बघताच.

बी-१०१ काकू
तुझं उतरतंय रे बाळा, माझं जागचं हलत नाही. मीही तुझ्याएवढंच पाळते. सकाळी एक भाकरी, पालेभाजी, ताक. रात्री मुगाची खिचडी नाहीतर नुसती आमटी. साखर चहातसुद्धा सोडली. रविवारी मुलं, नातवंडं असतात तेव्हा सगळ्यांबरोबर खाते, तेवढंच. थायरॉइडची तपासणी करून झाली, गोळी बरोबर लागू पडतेय म्हणाले डॉक्टर. मग अडतंय कुठे?

बी-४०४ काका
मला विचाराल तर रविवारची गरजच नाही. आपल्याकडे वर्षभर कमी का निमित्तं आहेत? संक्रांतीला गूळपोळी, होळीला पुरणपोळी, पाडव्याला श्रीखंड, नारळी पौर्णिमेला नारळीभात, आता मोदक, मग कोजागिरीचं दूध आणि दिवाळीचा फराळ. शिवाय उपासाच्या दिवशी एकादशी आणि दुप्पट खाशी हे घरोघरी आहेच. मी डॉ. दीक्षितांच्या पद्धतीने दोनदाच जेवतो, पंचावन्न मिनिटांच्या आत उरकतो आणि मधे काही तोंडात टाकत नाही. सणाचं गोड असलं तर ते त्या जेवणातच. बाकी रविवार हा सोमवारसारखाच.

डी-६०१ दादा
काका, पटतं, पण माझी रात्रपाळी असते. सण कधी येऊन जातो ते मला घरच्या फोटोंवरून कळतं. आठवड्यात एकच संध्याकाळ मित्रांबरोबर मिळते आणि तिथे समोर सॅलड ठेवून बसलो तर मला वेगळं पडल्यासारखं होतं. सणांवर सगळं सोडलंत तर माझ्यासारख्याच्या वाट्याला काही येत नाही.

डी-२०३ काकी
आमच्याकडे रविवार म्हणजे कोंबडी-वडे. श्रावणभर बंद होतं, आता मुलगा रोज विचारतोय. वडे थापून मी तळायला उभी राहते आणि मला सांगता खाऊ नका. हे मला जमणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.

ए-७०२ ताई (आहारतज्ज्ञ)
सगळ्यांचं वाचलं. काकूंपासून सुरुवात करते, कारण त्यांचा प्रश्न खरा आहे आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

५०३ आणि काकू, तुम्ही दोघांनी रविवारी सारखंच खाल्लं असं धरू. सकाळी तर्री घालून मिसळ आणि दोन पाव, साधारण ६०० कॅलरी. दुपारी प्लेटभर बिर्याणी, ९००. बरोबर कोल्ड्रिंक, १३०. संध्याकाळी दोन वडापाव, ६००. रात्री बटर घातलेली पावभाजी ७०० आणि आइस्क्रीम ३००. हॉटेलागणिक कमीजास्त होईल, पण बेरीज ३२०० च्या आसपास जाते.

५०३ तिशीच्या आत, उंच, रोज वजनं उचलणारा. त्याचं शरीर दिवसाला साधारण २७०० कॅलरी खर्च करतं. सहा दिवस रोज ५०० कमी खाल्ल्या, म्हणजे ३००० ची बचत. रविवारी ५०० जास्त गेल्या. २५०० शिल्लक राहिल्या, म्हणून काटा खाली येतो.

काकू पन्नाशीच्या पुढच्या, उंची पाच फूट एक इंच. त्यांचा दिवसाचा खर्च १६०० च्या आसपास. त्याहून रोज ३०० कमी खाणं हेसुद्धा कष्टाचं आहे, कारण ताटात आधीच कमी असतं. सहा दिवसांची बचत १८००. रविवारी त्याच ३२०० खाल्ल्या तर १६०० जास्त झाल्या. शिल्लक २००. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, तर २०० म्हणजे पंचवीस-सव्वीस ग्रॅम. आपला क्लब हाऊसचा काटा तेवढं दाखवतसुद्धा नाही.

म्हणजे रविवार एकच, पण दोघांना पडणारी किंमत वेगळी. म्हणून 'त्याला चालतं तर मला का नाही' ही तुलना ग्रुपमध्ये नको. लहान चणीच्या, वयाने मोठ्या, गुडघ्यांमुळे फार चालू न शकणाऱ्या बायकांना मोकळा दिवस सगळ्यात महाग पडतो, आणि वजन उतरत नाही म्हणून सगळ्यात जास्त बोलणीही त्याच ऐकतात.

बी-१०१ काकू
अगं, हे मला कुणी असं मांडून सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं एका दिवसाने काय होणार. मी तर मग सोमवारी दिवसभर नुसत्या ताकावर राहायचे.

ए-७०२ ताई
ते सोमवारचं ताक सगळ्यात आधी थांबवा काकू. रविवारी पाव, भात, गोड जास्त झालं की शरीर त्यातलं काही ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि एका ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. त्यात फरसाण, पापड, लोणचं यांचं मीठ. सोमवारी काटा किलो-दीड किलो वर दिसतो तो बहुतेक या पाण्याने, आणि नेहमीचं जेवण सुरू केलं की दोन-तीन दिवसांत उतरतो. पण माणूस काटा बघून घाबरतो, उपाशी राहतो, मंगळवारी संध्याकाळी भूक अनावर होते आणि डब्यातल्या चकल्या संपतात. ॲडमिन ताई, सोमवारचं वजन मला मुळातच पटत नाही.

सी-५०३ दादा
ताई, जिममध्ये सांगतात की एक दिवस भरपूर खाल्लं की मंदावलेलं मेटाबॉलिझम पुन्हा जोर धरतं. त्यात काहीच तथ्य नाही का?

ए-७०२ ताई
थोडं आहे, पण सांगतात तेवढं नाही. जास्त खाल्ल्यावर शरीर काही काळ थोडी जास्त ऊर्जा खर्च करतं, पण जादा खाल्लेलं त्यातून भरून निघत नाही. तू म्हणतोस त्याच्या जवळ जाणारा एक अभ्यास आहे, ऑस्ट्रेलियातला, मॅटाडोर नावाचा. २०१८ च्या अंकात छापून आला. ५१ लठ्ठ पुरुष होते. एका गटाने सलग कमी खाल्लं, दुसऱ्याने दोन आठवडे कमी खाऊन मधे दोन आठवडे सुट्टी घेतली. सुट्टीवाल्यांचं वजन जास्त उतरलं, साधारण १४ किलो विरुद्ध ९. पण त्या सुट्टीत मनाला येईल ते खायचं नव्हतं. वजन आहे तिथेच राहील इतकंच खायचं होतं, तेही मोजून दिलेलं. पुढे व्यायाम करणाऱ्या लोकांवर अशा चाचण्या झाल्या त्यांत एवढा फायदा दिसला नाही. तेव्हा विश्रांती घ्यायला माझी हरकत नाही. विश्रांतीच्या दिवशी नेहमीची पोटभर पोळी-भाजी, वरण-भात, तूप खा. त्यासाठी पावभाजीच लागते असं नाही.

डी-२०३ काकी
आणि माझे वडे?

ए-७०२ ताई
काकी, तुमची कोंबडी चांगलीच आहे, उलट आठवडाभरात प्रोटीन कमी पडतं ते तिथे मिळतं. वाटणात खोबरं थोडं कमी करून कांदा वाढवा. वडे तेल पितात, म्हणून ते मोजून. आधी ताटात दोन घ्या, रस्सा-कोंबडी, कांदा, सोलकढी घ्या, आणि नंतर वाटलंच तर तिसरा. तळता तळता उभ्याने खाल्लेले वडे कुणाच्याच हिशेबात येत नाहीत, त्यामुळे तळून झाल्यावर बसून जेवा. घरातल्या बाईने सगळ्यांबरोबर ताटावर बसणं हा माझ्या मते वजनाचाही उपाय आहे.

बी-४०४ काका
ताई, मला एक सांगा. ज्या दिवशी मोदक असतात त्या दिवशी मी सकाळचं जेवण सोडतो, म्हणजे दुपारी मोकळं खाता येतं. डायबेटिसची गोळी मात्र न चुकता घेतो. हे बरोबर ना?

ए-७०२ ताई
काका, हे करू नका, कळकळीने सांगते. तुमच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे असं तुम्ही मागे म्हणाला होतात. ती गोळी घेऊन जेवण टाळलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आपल्याकडे नैवेद्याला उशीर होतो, आरत्या लांबतात, बारा म्हणता दोन वाजतात. घाम, थरथर, छातीत धडधड, काही सुचेनासं होणं असं झालं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर बघा, तरी साखर कमीच असेल तर पुन्हा घ्या, आणि सावरलात की जेवून घ्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखान्यात न्यायचं. घरच्यांनाही हे वाचायला द्या. सणाच्या दिवसात गोळीची वेळ काय ठेवायची ते तुमच्या डॉक्टरांना आधी विचारून घ्या. एक उकडीचा मोदक तुपासकट जेवणात घेतलात आणि तेवढा भात कमी केलात तर त्यासाठी उपाशी राहायची काही गरज नाही.

बी-४०४ काका
बरं झालं विचारलं. उद्याच डॉक्टरांना फोन करतो.

ए-६०३ ताई, रात्री ९:५५
मी सहसा इथे लिहीत नाही, पण आज लिहायलाच हवं. माझी मुलगी नववीत आहे. गेले काही दिवस शुक्रवार-शनिवारी तिचा डबा जसाच्या तसा परत येतो. परवा विचारलं तर म्हणाली, "आई, रविवारी चीट डे आहे ना, त्यासाठी वाचवतेय." तिचं वजन वयाच्या मानाने जास्त नाही. हे तिने कुठून घेतलं? आपण बायका जिन्यात, लिफ्टमध्ये, खाली बाकावर बसून हेच बोलतो, तिथूनच ना? रविवारी मात्र ती इतकं भरभर खाते की बघवत नाही, आणि नंतर खोलीत जाऊन बसते.

ए-७०२ ताई
ताई, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मला रविवारची सगळ्यात जास्त काळजी याच कारणासाठी वाटते. आधी उपाशी राहायचं, मग ताबा सुटेपर्यंत खायचं, मग अपराधी वाटून पुन्हा उपाशी राहायचं. हे चक्र मोठ्यांमध्येही दिसतं. १९७५ मध्ये एक साधा प्रयोग झाला होता. एरवी खाण्यावर बंधन ठेवणाऱ्यांना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग आइस्क्रीम समोर ठेवलं. मिल्कशेक न प्यायलेल्यांपेक्षा त्यांनी आइस्क्रीम जास्त खाल्लं. आता मोडलंच आहे तर मोडू दे, असं मन म्हणतं. वाढत्या वयात हे चक्र लागलं की सुटायला वेळ लागतो.

मुलीला रागावू नका, वजनाचा विषय काढू नका. डब्यात तिला आवडेल असं द्या आणि रात्री सगळ्यांनी एकत्र जेवा. लपून खाणं, खाऊन उलटी काढणं, पाळी चुकणं यातलं काही दिसलं तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आणि उद्या दुपारी माझ्याकडे चहाला या, बोलू.

बी-१०१ काकू
माझी नातही माझ्या मांडीवर बसून हे सगळं ऐकत असते. मला तर भीतीच वाटली वाचून. मुलांसमोर वजनाचं बोलणं आजपासून बंद, निदान माझ्या घरात.

डी-६०१ दादा
मी पण एक सांगतो. आम्ही रविवारी तळजाईला जातो आणि उतरलो की मिसळ. चाललोय म्हणून चालतं असं वाटायचं. पाऊण तास चालून किती जातं ताई?

ए-७०२ ताई
तुझ्या वजनाला अंदाजे २०० कॅलरी. मिसळीची बेरीज वर आहेच. पण चालणं फक्त त्या हिशेबासाठी नसतं. साखर, रक्तदाब, झोप यांसाठी ते तसंही कर. आणि मित्रांबरोबरची ती संध्याकाळ मी तुझ्याकडून काढून घेणार नाही. हॉटेल ठरलं की काय मागवायचं ते दुपारीच ठरव, निघण्याआधी घरी थोडं खाऊन जा, आणि तिथे जे आवडतं तेच घे. स्टार्टर, कोल्ड्रिंक, शेवटचं डेझर्ट हे तिघांनी मागवलं म्हणून चौथ्याने घ्यायचं नाही.

ए-२०४ ताई (ॲडमिन)
मग मी असं सुचवते. मोकळा दिवस बंद. आठवड्यातून एक जेवण मनासारखं, वार ज्याचा त्याने ठरवायचा. ते आधी ठरवलेलं असावं आणि बसून खावं. त्याच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी उपाशी राहायचं नाही. सणाचं जेवण आलं तर त्या आठवड्याचं जेवण तेच. प्रसाद कुणी नाकारू नये, हातावर मिळेल तेवढा घ्यावा. वजन सोमवारऐवजी शनिवारी सकाळी, आणि आकडा ग्रुपवर टाकायचा नाही, ज्याचा त्याने वहीत लिहायचा. महिन्यातून एकदा टेपने कंबर मोजू. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही मर्यादा धरतात ना ताई?

ए-७०२ ताई
हो. आणि आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ आहे, हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्थाही तेवढंच सुरक्षित मानते. काकूंसाठी त्याहून कमी असलं तरी ते चांगलंच.

सी-५०३ दादा
मला अजूनही पूर्ण पटलेलं नाही. माझ्यासाठी अख्खा रविवार काम करतो. पण मी आता तो ग्रुपवर मिरवणार नाही, रविवारच्या ताटांचे फोटोही टाकणार नाही. आधीचे पण काढून टाकतो.

ए-६०३ ताई
तेवढं केलंस तरी खूप झालं. 🙏

डी-२०३ काकी
गणपतीच्या महाप्रसादाचं पण बघू ना. दरवर्षी पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, जिलबी. सगळं एकाच रंगाचं. जिलबी राहू दे, मुलांना आवडते. पुरीबरोबर मटकीची उसळ आणि काकडीची कोशिंबीर ठेवू, म्हणजे काकांसारख्यांना काहीतरी खाता येईल.

बी-४०४ काका
चांगली कल्पना. कोशिंबिरीच्या काकड्या माझ्याकडून.

बी-१०१ काकू
मटकी मी मोड आणून देते. महाप्रसाद रविवारी आहे म्हणजे शुक्रवारी सकाळी भिजत घालायला हवी. शंभर-सव्वाशे पानं धरून पाच किलो पुरेल का गं २०३?