सात वाजता बाळ झोपवणाऱ्यांनो, जरा इकडे या

मीठमोहरी:
कालच्या पोस्टीत एका ताईंनी लिहिलंय, "सहाला आंघोळ, साडेसहाला दूध, सातला दिवा बंद. पहिल्या महिन्यापासून शिस्त लावली की बाळ आपोआप झोपतं. आपल्याकडे आज्या मांडीवर घेऊन घेऊन सवयी बिघडवतात." तिथेच दोन ओळी लिहिणार होते, पण संताप मावेना. म्हणून वेगळा धागा.

पहिल्या महिन्यापासून? अहो, त्या वयात दिवस कुठला नि रात्र कुठली हेच कळत नाही. शरीरातलं ते घड्याळ चालू व्हायला दोन-तीन महिने जातात. तोवर दर दोन-तीन तासांनी भूक. शिस्त कोणाला लावताय?

माझी लेक साडेपाच महिन्यांची. बदलापूर, वन बीएचके. सातला दिवा घालवला तर सासरे जेवणार कुठे, जिन्यात? नवरा साडेआठला घरी येतो. त्याने लेकीला रोज झोपलेलीच बघायची? तो हातपाय धुऊन तिला घेतो. मग कोमट पाण्याने अंग पुसणं, सुती झबलं, मंद दिवा, दूध, आणि सासूबाईंची ती एकच अंगाई सतरा वेळा. कधी साडेनऊ, कधी दहा. वेळ सरकते, क्रम नाही सरकत. तिला क्रमच कळतो. झबलं चढवलं की डोळे चोळायला लागते.

काटेकोर:
त्या ताई म्हणजे मीच. मुलगा आठ महिन्यांचा. २६ आठवडे संपले आणि कामावर रुजू झाले. सकाळी पावणेसातला कंपनीची बस. नवरा दुसऱ्या शहरात. तुमच्याकडे गाणाऱ्या सासूबाई आहेत, माझ्याकडे चार भिंती. सातला तो झोपला तरच मी जेवते.
आणि ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप लागते, जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे आहेत. दहाला झोपून सकाळी कुकरच्या शिट्टीने उठलं, की बाकीचे तास कुठून आणता?
"पहिल्या महिन्यापासून" हे जरा जास्त झालं. मान्य. खूश?

मीठमोहरी:
दुपारी झोपते की! आज्या बिघडवतात म्हणालात ते मागे घ्या, मग खूश.

उमाआत्या:
कशाला भांडता गं? तीन पोरं वाढवली. तिन्हीसांजेला तेल, कडकडीत आंघोळ, ओव्याची धुरी, आणि गुटीत जायफळाचे दोन वळसे. सकाळपर्यंत हूं नाही की चूं नाही.

रातपाळी:
मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, म्हणून गप्प बसवत नाही. आत्या, वळसे कोणाच्या हाताचे? सहाणेवर किती दाबून? त्याला माप नाही. जायफळ जास्त झालं की येते ती झोप नसते, गुंगी असते. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध, बाकी काही नाही, पाणीसुद्धा नाही. गुटीत मध घालत असाल तर तो वर्षाच्या आत अजिबात नको. आणि एवढ्याशा फुफ्फुसांत धूर कशाला?

उमाआत्या:
माझा थोरला सहा फूट एक इंच आहे. गुंगी आलीच असेल तर दहावीत गणिताच्या पेपरला आली, त्याआधी नाही.

वऱ्हाडी_ठेचा:
आत्या, ज्यांचं निभावलं तेच सांगायला येतात. माझ्या चुलतभावाच्या पोराला असंच जायफळ देऊन मालिशवाल्या बाईनं झोपवलं. दुधालाही उठेना. रात्री दोन वाजता गाडी शोधत फिरलो. वाचला. पण "आमच्या वेळी" हे शब्द ऐकले की अजून डोकं फिरतं.

उमाआत्या:
म्हणजे आम्ही पोरांना विष घातलं म्हणा की सरळ!

रातपाळी:
तसं कोणी म्हणत नाहीये. झोपवताना उताणं, सपाट घट्ट गादीवर, आजूबाजूला उशी-गोधडी नको. एवढंच.

उमाआत्या:
राईची उशीपण नको?

रातपाळी:
नको.

उमाआत्या:
म्हणजे डोकं चपटं.

रातपाळी:
जागं असताना पालथं खेळवा, डोळ्यांसमोर. होतं गोल.

शांतताप्रेमी:
तुमची अंगाई नि झबलं ठीक आहे, पण खाली मंडपात ढोल बडवत असतील तर? रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून आहे. मी तीनदा तक्रार केली. तिसऱ्यांदा मंडळाचा पोरगा वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन दारात हजर.

काटेकोर:
काका, प्रत्येक धाग्यावर ध्वनिक्षेपक कसा येतो हो तुमचा?

शांतताप्रेमी:
कारण प्रत्येक धाग्याच्या वेळी तो चालू असतो.

उमाआत्या:
बरं बाई, जायफळ आता बासुंदीतच घालीन. अंगाई तरी चालते ना, की तीही उगाळून तपासलीत?

रातपाळी:
चालते आत्या. हवी तेवढी.

काटेकोर:
आत्या, मला एकही पूर्ण येत नाही. दोन ओळींनंतर नुसतं हूं हूं करते. तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवाल?

उमाआत्या:
आज्या बिघडवतात ना?

काटेकोर:
पाठवा हो.

शांतताप्रेमी:
आवाज बारीक ठेवून लावा. दहा वाजून गेलेत.