लटकन पोपट: आधी कान, मग दुर्बीण
लटकन पोपट कसा शोधायचा, तर 'दुर्बिणीने पानं चाळत बसा, कधीतरी दिसेल' असं कुणी कुणी सांगतं, ते पटलं नाही. जेमतेम १४ सेंमीचा हिरवा जीव हिरव्या पानांत शोधायचा म्हणजे मान तेवढी अवघडते. उडताना तो 'ची-ची-ची' करतो, ते आधी ऐका आणि फुललेल्या पांगाऱ्याखाली ठाण मांडा. मधासाठी येतोच, शिवाय तेव्हा झाडावर पानंही फारशी नसतात.

आंबोलीत फेब्रुवारीत असाच बसलो होतो. एक चुकार हिरवं पान लोंबतंय असं वाटलं, तर ते उलटं होऊन फुलात चोच खुपसायला लागलं! वळल्यावर कमरेचा लालभडक पट्टा दिसला. झोपतोही उलटाच, वटवाघळासारखा. मादी घरट्यासाठी पानांच्या पट्ट्या कमरेच्या पिसांत खोचून नेते म्हणे. ते मात्र बघायचं राहिलंय.