आईवडिलांचं मेडिक्लेम ऐच्छिक ठेवावं की सक्तीचं?

घोडबंदरकर:
आमच्या ऐरोलीच्या कंपनीत गेल्या वर्षी आईवडिलांचं कव्हर ऐच्छिक केलं. झालं काय, ज्यांच्या घरी बायपास नाहीतर डायलिसिस त्यांनीच घेतलं, ज्यांचे आईबाबा ठणठणीत ते म्हणाले पगारातून कशाला कापायचे. आता रिन्यूअलला प्रीमियम इतका चढलाय की उरलेले धडधाकटपण पळतायत, म्हणजे पुढच्या वर्षी आणखी चढणार. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅकरलॉफने 1970 मध्येच हे लिहून ठेवलंय, पासष्टीनंतर विमा मिळायला इतका त्रास का होतो ते. माझं मत स्पष्ट आहे, सगळ्यांना सक्ती करा.

वाशीवाली:
वा रे वा. माझे आईवडील दोघंही नाहीत, मी कोणासाठी भरू? सक्ती म्हणजे तुमचा खर्च माझ्या पगारातून.

घोडबंदरकर:
ज्यांचे आहेत त्यांना सक्ती हो, तुम्हाला कोण म्हणतंय.

कळवा_एजंट:
खरा घोळ पर्सनल पॉलिसीत आहे. "शुगर लिहू नका, लोडिंग (जादा प्रीमियम) लागेल" असं आमच्यातलेच काहीजण सांगतात. अरे पण 2024 पासून जुन्या आजारावर क्लेम मिळायचं वेटिंग जास्तीत जास्त 3 वर्षं, लिहून टाका की! लपवलंत आणि दुसऱ्या वर्षी अ‍ॅडमिट झालात तर क्लेमही जाईल, पॉलिसीही.

वाशीवाली:
आणि खरं लिहिलं की प्रपोजलच नाकारतात त्याचं काय? शिवाय मोरेटोरियम, म्हणजे माहिती लपवली म्हणून क्लेम अडवायची मुदत, 8 वरून 5 वर्षांवर आणलाय, त्यानंतर फ्रॉड सिद्ध केल्याशिवाय क्लेम अडवता येत नाही. माणूस म्हणणार काढू पाच वर्षं कशीबशी. लोक लबाड नाहीत, घाबरलेत.

कळवा_एजंट:
घाबरलेत मान्य, पण त्यांचं बिल खरं लिहिणाऱ्याच्या प्रीमियममधूनच जातं ना.

कोपरीचे काका:
पेन्शनमध्ये सगळं उलटं बघा. मी अ‍ॅन्युइटी (एकरकमी पैसे भरून मरेपर्यंत पेन्शन) घेतली तेव्हा शुगर किती, कोणी विचारलंसुद्धा नाही. तिथे कंपनीला धास्ती नव्वदी गाठणाऱ्याची. ज्याच्या घराण्यात सगळे म्हातारे होऊन गेले तो घेतो, हार्ट पेशंट एफडीत ठेवतो, मग दर सगळ्यांनाच कमी मिळतो. ब्रिटनच्या आकड्यांवर फिंकेलस्टाइन आणि पोटर्बा यांचा 2004 चा पेपर आहे, दरवर्षी वाढत जाणारी पेन्शन निवडणारे जास्त जगले आणि मागे वारसांना पैसे मिळतील अशी निवडणारे लवकर गेले. कंपनीने विचारलं नाही तरी माणूस निवडीतून सांगतोच. तिकडे सिगारेट ओढणाऱ्याला जास्त पेन्शन देणाऱ्या अ‍ॅन्युइटीपण आहेत.

वाशीवाली:
😂 म्हणजे तिथे लोक गोळ्यांची चिठ्ठी मिरवत नेत असतील. पण काका, मग कमी जगणाऱ्याला दर चांगला मिळतो हे बरंच की, इथे का नाही करत?

कोपरीचे काका:
मग ठणठणीत माणसाचा दर आणखी उतरेल. म्हणजे माझाच.

घोडबंदरकर:
एचआरला मी सुचवलंय, सक्ती जमत नसेल तर ऐच्छिकच ठेवा पण एकदा नको म्हटलं की तीन वर्षं परत यायचं नाही. आजार आल्यावर उडी मारणं तरी थांबेल.

वाशीवाली:
आणि दुसऱ्याच वर्षी ज्याच्या वडिलांना कॅन्सर निघेल त्याला ही अट कोण सांगणार, तुम्ही की एचआर?