लाकडावरचा ऑफसेट स्मोकर: तयार घ्यावा की इथेच बनवून?

माडाखालचा (फोंडा)

माझं मत आधीच सांगतो, मग भांडू. परसात लाकडावर चालणारा ऑफसेट स्मोकर हवा आहे आणि हाताशी तीसेक हजार आहेत, तर ऑनलाइन मिळणारा पातळ पत्र्याचा तयार नग घेऊ नका. तेवढ्याच पैशात इथे गोव्यातल्या फॅब्रिकेटरकडून, म्हणजे लोखंडकाम करणाऱ्याकडून, बनवून घ्या आणि खर्च फायरबॉक्सच्या जाडीवर करा.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: लाकूड बाजूच्या पेटीत, म्हणजे फायरबॉक्समध्ये जळतं. मांस शेजारच्या आडव्या चेंबरमध्ये जाळीवर असतं. धुराडं दुसऱ्या टोकाला. गरम हवा आणि धूर मांसावरून ओढला जातो, ज्वाळ मांसाला लागत नाही. चेंबर १०७ ते १३५ अंश सेल्सिअसच्या मधे तासन् तास ठेवायचा असतो. डुकराच्या खांद्याचं मांस आतून ९० अंशांच्या पुढे गेलं की त्यातलं कोलॅजन विरघळून जिलेटिन झालेलं असतं आणि हाड ओढलं की सुटून येतं. मधे ६५ ते ७५ अंशांच्या टप्प्यात काटा तासन् तास हलत नाही, कारण मांसातून बाष्प निघत असतं आणि तेच त्याला थंड ठेवतं. तिथे घाबरून आग वाढवायची नसते.

हे सगळं तापमान स्थिर राहिलं तर. दीड मिलिमीटरच्या पत्र्यात ते राहत नाही. टेक्सासमध्ये जे जुने स्मोकर नावाजले गेले ते तेलाच्या धंद्यातल्या जाड पाइपांचे आणि टाक्यांचे. आजही तिथले चांगले कारागीर सहा मिलिमीटरच्या आसपास पोलाद वापरतात. जाड पोलाद एकदा तापलं की एक ओंडका विझून दुसरा नीट पेटेपर्यंत चेंबर सांभाळतं. पातळ पत्र्यात तापमान लगेच पडतं आणि लगेच चढतं. मग माणूस हवेची झडप दाबतो, हवा तुटते, लाकूड धुमसतं, दाट पांढरा धूर निघतो आणि मांसावर कडू काळा थर बसतो. चांगला धूर जेमतेम दिसतो, निळसर असतो.

हिशेब असा. सहा मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला ४७ किलो भरतो, तीनचा त्याच्या निम्मा. ५० सेंटिमीटर व्यासाचा, ९० सेंटिमीटर लांबीचा चेंबर तीन मिलिमीटरमध्ये साधारण ४३ किलो. ४० सेंटिमीटरचा चौकोनी फायरबॉक्स सहा मिलिमीटरमध्ये ४५ किलो. फायरबॉक्सचं आकारमान चेंबरच्या एक तृतीयांशाच्या आसपास असावं, ते इथे बसतं. पाय आणि जाळ्या धरून शंभर किलोच्या वर जाईल. फॅब्रिकेटर किलोवर दर सांगतो, म्हणून हा आकडा घेऊनच त्याच्याकडे जा.

म्हापसेकर

माडाखालचे बाब, हिशेब नीट आहे, पण हे शंभर किलो परसात पावसाळ्यात कोण ओढणार ते लिहा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. किनाऱ्याकडे खारी हवा वेगळी. जाड असो वा पातळ, उघड्यावर ठेवलेलं पोलाद गंजणारच. पातळ नग दोघांनी उचलून पडवीत ठेवता येतो, तुमचा भार चार माणसांशिवाय हलायचा नाही. चाकं लावलीत तरी चिखलात रुततील.

दुसरं, पातळ नग सुधारता येतो. झाकणाच्या कडेला फायबरग्लासची दोरी लावा, गळती बंद होते. धुराड्याचं आतलं तोंड जाळीच्या पातळीवर आणा, म्हणजे धूर वरच्या वर निसटत नाही. फायरबॉक्सच्या बाजूने चेंबरमध्ये एक आडवी पट्टी टाका, त्या टोकाचं मांस करपत नाही. चेंबरच्या तळाशी भट्टीच्या विटा मांडा. उष्णता धरायचं काम तुमचा जाड पत्रा करतो, तेच त्या विटा करतात, आणि पावसाळ्यात वेगळ्या काढून ठेवता येतात. या सगळ्याला फारसे पैसे लागत नाहीत.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. बहुतेक फॅब्रिकेटरांनी ऑफसेट स्मोकर कधी पाहिलेला नसतो. तो गेट बनवतो, ग्रिल बनवतो, पाण्याच्या टाकीचा स्टँड बनवतो. फायरबॉक्स आणि चेंबर यांच्या मधलं तोंड लहान ठेवलं किंवा धुराडं बारीक केलं की ओढच येत नाही, मग सहा मिलिमीटर काय करणार? तयार नगाची रचना तरी कोणीतरी आग लावून तपासलेली असते. माझं म्हणणं: आग सांभाळायला पातळ नगावर शिका. हात बसला की जाड घ्या.

कुंडईचा वेल्डर

मी हेच काम करतो, म्हणून दोघांनाही बोलतो.

फॅब्रिकेटरला ठाऊक नसतं हे खरं. पण त्यावर उपाय म्हणजे चित्र काढून देणं. मापं लिहा: मधलं तोंड, धुराड्याचा व्यास, जाळीची उंची, हवेच्या झडपा. शंभर ते दीडशे मिलिमीटर व्यासाचं धुराडं घरगुती आकाराला पुरतं. झडप फायरबॉक्सच्या दारावर खाली हवी, आणि धुराड्यावरची झडप स्वयंपाकाच्या वेळी पूर्ण उघडीच ठेवायची. आगीचं नियंत्रण लाकडाच्या आकाराने आणि खालच्या झडपेने करा.

पत्रा एम.एस.चाच, म्हणजे साध्या मऊ पोलादाचाच मागा. दुकानात गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचे तुकडे पडलेले असतात आणि कोणीतरी म्हणतं, हा वापरू, गंजायचा नाही. अजिबात नको. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि फायरबॉक्सचा तळ त्याच्या वर सहज जातो. त्या जस्ताच्या धुराने अंगात ताप भरतो, हा त्रास वेल्डिंगवाल्यांना चांगला माहीत आहे. आणि तोच धूर तुमच्या जेवणावरून जाणार.

घरचा गॅस सिलिंडर कापून चेंबर करा असं सांगणारे भेटतात. एक तर तो सिलिंडर तुमचा नसतो, अनामत रक्कम भरून वापरायला दिलेला असतो. दुसरं, आत उरलेल्या वायूवर ठिणगी पडली तर जीव जातो. मी तसलं काम घेत नाही आणि कोणीही घेऊ नये.

दार कापायची एक युक्ती सांगतो. गोल चेंबरवर दाराच्या तीन बाजू कापायच्या, चौथी तशीच ठेवून बिजागऱ्या आधी वेल्ड करायच्या, मग ती चौथी बाजू कापायची. आधी पूर्ण कापून काढलं तर पत्रा आपला ताण सोडतो आणि दार उघडमीट करताना कधी नीट बसत नाही. गळती तिथूनच सुरू होते.

म्हापसेकरांच्या विटांवर मला एवढंच म्हणायचं आहे की त्या उष्णता धरतात, पण फायरबॉक्सचा तळ वाचवत नाहीत. पातळ फायरबॉक्स आधी तळाशी जळतो, आणि तो बदलायला नव्या पेटीइतकीच मजुरी लागते.

डिचोलीची सून

तुम्ही तिघेही पोलादावर बोलताय, पण आपण शिजवतो काय हे कोणी विचारत नाही.

आमच्या घरी कोंबडी, बकऱ्याचं मटण, बांगडा, कधी इसवण (सुरमई). त्यातल्या कशाला दहा तासांचा धूर लागतो? बांगडा अर्ध्या-पाऊण तासात होतो. कोंबडी दोन-तीन तासांत आतून ७४ अंशांना पोचते, त्याहून जास्त ठेवली तर छातीचं मांस कोरडं पडतं. बकऱ्याची तंगडी चरबीला कमी, ती लांब धुरात सुकते. ऑफसेटची ही सगळी यंत्रणा गाईच्या छातीच्या मोठ्या तुकड्यासाठी आणि डुकराच्या खांद्यासाठी वाढली. ते आवडीने खाणाऱ्यांनी जरूर बनवून घ्यावी. पण इथे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी दोन्ही येत नाहीत, आणि श्रावणात तर चूलच वेगळी असते.

माझी शिफारस उभ्या पिंपाची. दोनशे लिटरचं पिंप, तळाशी कोळशाची टोपली, खाली हवेची दोन-तीन छिद्रं, वर जाळी. करवंटीचा कोळसा घाला, वर पेरूच्या लाकडाचे दोन-तीन ठोकळे. झडप एकदा बसवली की तासन् तास जागेवरून उठावं लागत नाही. ऑफसेटला मात्र दर अर्ध्या-पाऊण तासाला लाकूड घालावं लागतं. घरात एका माणसाने स्वयंपाक, मुलं आणि आग हे तिन्ही कसं सांभाळावं? तो प्रश्न बार्बेक्यूच्या गप्पांत येतच नाही, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो.

पिंप घेताना आत आधी काय होतं ते विचारा. रंग, कीटकनाशक, रसायन असेल तर पाहूसुद्धा नका. खाद्यतेलाचं असलं तरी आतला लेप मोठ्या आगीत पूर्ण जाळून, घासून काढायचा. वरचं झाकण, पायाचे तीन लोखंडी तुकडे आणि जाळी धरूनही हे ऑफसेटच्या जवळपास खर्चाला पोचत नाही.

माडाखालचा (फोंडा)

ताई, तुमचा मुद्दा मी डोक्यावर घेतो. कोंबडी आणि मासे एवढंच करायचं असेल तर पिंपच घ्या, तिथे मी भांडणार नाही. पण मटणाबाबत नाही पटलं. तंगडी सोडा. बकऱ्याचा खांदा आणि नळ्या घ्या, त्यात सांधे आणि चिवट पडदे भरपूर असतात. दोन तास धुरात ठेवा, मग जाड बुडाच्या टोपात कांदा आणि थोडं पाणी घालून, झाकण लावून त्याच चेंबरमध्ये शिजू द्या. तो रस्सा गॅसवर येत नाही. पिंपात उंच टोप ठेवला तर झाकण बंद होत नाही, आणि ठेवला तरी कोळसा आणि मांस एका रेषेत येतात. ऑफसेटमध्ये जागा आडवी मिळते: एका टोकाला टोप, मधे कोंबडी, धुराड्याकडे कांदे.

लाकडाचा धूर आणि कोळशावर टाकलेल्या ठोकळ्यांचा धूर यांत फरक आहे. लाकडाची लहान, जिवंत ज्वाळ हेच या प्रकाराचं मर्म. म्हणूनच मी पिंपावर थांबलो नाही.

सत्तरीकर

लाकडाशिवाय ही चर्चा अर्धी आहे. टेक्सासमध्ये पोस्ट ओक नावाच्या झाडाचं लाकूड जाळतात, आपल्याकडे ते झाड नाही. इथे लोक सगळ्यात आधी काजू सुचवतात, कारण तो मिळतो. फेणीची भाटी काजूच्या लाकडावर चालते, मग मांसाला काय होतं, असं विचारतात. भाटीत धूर दारूला शिवत नाही, तो भांड्याच्या खालून निघून जातो. स्मोकरमध्ये धूर हाच मसाला आहे. बियांच्या टरफलांत दाहक तेल भरलेलं असतं, ती आगीत कधीच घालू नयेत. लाकूडही मी टाळतो.

म्हापसेकर

आंबाही काजूच्याच कुळातला. मग तोही टाळायचा का? टरफलाचं तेल आणि वाळलेलं, साल काढलेलं लाकूड एका मापाने मोजू नका.

सत्तरीकर

आंबा मी जाळतो, साल काढून आणि पूर्ण वाळलेला. काजूवर मात्र माझं मत बदलणार नाही, ज्याला खात्री वाटते त्याने वापरावा. त्याहून बरी लाकडं आहेत: पेरू, चिकू, जांभूळ, चिंच. चिंचेचा निखारा फार कडक, तो थोडाच घ्या. नारळाची सोडणं आणि चुडत्या आग पेटवायला ठीक, पुढे नकोत, त्यांचा धूर दाट होतो. माडाचं खोड तर नकोच. सुतारकामातले तुकडे घेताना प्लाय किंवा पॉलिश केलेलं काहीही घेऊ नका.

आणि झाड तोडू नका. गोव्याच्या १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे स्वतःच्या बागेतलं झाड तोडायलाही परवानगी लागते. कुळागरात (माड-पोफळीच्या बागायतीत) पावसाळी वाऱ्यांत फांद्या पडतातच, त्या उचलून मनगटाएवढ्या जाडीच्या फोडा आणि छपराखाली रचा. ओलावा वीस टक्क्यांच्या खाली आला पाहिजे. सप्टेंबरात फोडलेलं लाकूड डिसेंबरला तयार होईल असं समजू नका. जाड लाकडाला पुढचा उन्हाळा लागतो. लाकूड ओलं असेल तर माडाखालच्यांचा सहा मिलिमीटर आणि म्हापसेकरांच्या विटा दोन्ही फुकट गेल्या.

म्हापसेकर

हे मान्य. पण मग माझा मुद्दा आणखी पक्का झाला. लाकूड तयार व्हायला वर्ष लागणार असेल तर नवख्या माणसाने पहिलं वर्ष स्वस्त नगावर कोळसा आणि थोडं लाकूड मिळून काढावं. आधी पैसा लोखंडात अडकवायचा आणि लाकूड नाही म्हणून तो झाकून ठेवायचा, यात काय हशील?

कुंडईचा वेल्डर

झाकून ठेवायचा असेल तरी तळाला पाणी निघायला भोक ठेवायला सांगा. ते राहून गेलं तर कितीही जाड पत्रा असो, चेंबरमध्ये चार महिने पाणी साचतं. बाहेरून उष्णतारोधक रंग, आतून तेलाचा हात देऊन एक मोठी आग. फायरबॉक्सच्या बाहेरचा रंग पहिल्याच महिन्यात जळेल, त्याची काळजी करू नका. गरम असतानाच तेलाचं फडकं फिरवत राहा.

माडाखालचे, तुमच्या चेंबरला तीनऐवजी चार मिलिमीटर घेतलंत तर चौदा-पंधरा किलोच वाढतील आणि दार वाकायची भीती जाईल. थर्मामीटर झाकणावर लावू नका, तो जाळीच्या उंचीचा आकडा दाखवत नाही. तारेचा डिजिटल घ्या, त्याला जाळीच्या पातळीवर छोटं छिद्र मी आधीच ठेवीन. चित्र पाठवा, मापं तपासून सांगतो.